सगळ्यांचे डोळे शेपटीकडे

विज्ञानाचा विजय प्रत्यक्ष पाहण्याचं भाग्य फार थोड्यांना लाभतं. मला ते नालासोपारा स्टेशनाबाहेर लाभलं. स्वातंत्र्य नुकतंच मिळालं होतं. घोड्यांच्या आजारांवर आयुष्यभर संशोधन केलेले एक डॉक्टर दर शनिवारी मुंबईहून जवळच्या गास गावी आपल्या घरी येत. त्या दिवशी ते उतरले, तेव्हा टांगेवाल्याची घोडी पोटदुखीने लोळत होती.

"पानी पन पीत नाय, डॉक्टरसायेब. जगंल ना?" टांगेवाला रडकुंडीला आला होता.

डॉक्टरांनी घोडीच्या पोटाला कान लावला, बॅगेतलं औषध पाजलं आणि "उठा बाई" म्हणत तिला उभं करून फिरवायला सुरुवात केली. "लीद टाकली, तर जगेल."

स्टेशनमास्तरांसकट आम्ही सगळे शेपटीकडे बघत राहिलो.

"एवडी बुकं यासाठीच वाचली काय, सायेब?" एका कोळणीने विचारलं.

"यासाठीच," डॉक्टर म्हणाले. "बाकीची परीक्षेपुरती."

अंधारायच्या सुमारास लीद पडली. डॉक्टरांनी हॅट काढून तिला अभिवादन केलं. टांगेवाला घोडीच्या गळ्यात पडला.

मग डॉक्टरांनी घोडीला दोन दिवस सक्त विश्रांती सांगितली. स्टेशनावर टांगा तेवढा एकच होता. डॉक्टर गासला चालत गेले.