दरोगासाहेबांचा पिंजरा

आमच्या पूर्णेतल्या गल्लीत बायका वाती वळायला बसल्या की कुणीतरी एक उंदराची गोष्ट काढतेच. ती एक बाहेर पडली की मागून रांग लागते, बीळ काही रिकामं होत नाही!

गोष्टी सगळ्या निजामाच्या राज्यातल्या, गावात प्लेग शिरला त्या सालच्या. माझी धाकटी जाऊ शांता तेव्हा सातव्या महिन्यात होती. आधी दोनदा तिचे दिवस टिकले नव्हते. ती सुखरूप सुटेपर्यंत देवापुढचा नंदादीप विझू द्यायचा नाही, असं व्रत मी धरलं होतं.

*

सफाईचे दरोगासाहेब गल्लीत आले. पांढरी दाढी, हातात काठी, काखेत रजिस्टर.

"चूहा मरा तो उसके पिसू तुमारे अंग पे आते. पिसू काटा के बुखार!"

शेजारच्या गोदाकाकू म्हणाल्या, "म्हंजे त्यांचं घर पडलं की बिऱ्हाड आमच्याकडंच!"

साहेबांनी गल्लीला एक पिंजरा दिला. चारी बाजूंनी फळ्या, वर जाळी. रोज एका घराची पाळी. सकाळी काठी वाजायची, "पिंजरे में क्या है?"

*

आमची पहिली पाळी आली ती एकादशीला. घरात भाकरी कुठली? मी आपला शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

इतर घरी एखादा उंदीर सापडायचा. आमच्याकडे तीन!

मामंजी म्हणाले, "थोरल्या सूनबाईच्या एकादशीला पंगत बसायली की!"

*

दुसरी पाळी नेमकी संकष्टीला. उंदीर सापडला. गणपतीचं वाहन, ते मारायला द्यायचं? मी काडीनं त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि परसात सोडून दिलं.

"पिंजरे में क्या है?"

"काही नाही," मी म्हणाले. खोटं बोलले, देवा क्षमा कर.

दोन दिवसांनी तोच उंदीर गोदाकाकूंच्या घरी सापडला. कपाळाला माझं कुंकू, आणि त्याच्या शेजारी हळद! म्हणजे मधल्या घरानंही पूजा करून सोडला होता!

साहेब बघतच राहिले. "ये क्या है?"

गोदाकाकू म्हणाल्या, "सवाष्ण दिसायली!"

सगळ्याजणी पदरात तोंड लपवून हसलो. साहेब हसले नाहीत. शांतेच्या पोटाकडे बघून मला हळूच म्हणाले, "बहू, बाप्पाकी सवारी है, मालूम. पर आजकल उसपे दूसराच सवार बैठा है."

त्यानंतर मी उंदीर सोडला नाही.

*

मग सुई टोचायला डॉक्टर आले, ते नेमके सोमवारी. आम्हा बायकांचा उपास. सासूबाईंनी दंड पदराखाली घेतला. "आधी सांगा, सुईत मीठ हाय का? माझा उपास मोडंल."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला. "अम्मा, सोमवार म्हणून आज सैंधवच घातलंय."

सासूबाईंनी दंड पुढे केला. वर शांतेलाही हाक मारली, "ये गं, उपासाचं हाय!"

*

एवढं करूनही एका सकाळी आमच्या देवघरातच उंदीर मरून पडला. घर सोडून माळावरच्या झोपड्यांत जायचा हुकूम झाला. सामान बांधलं, शांतेला बैलगाडीत बसवलं. पण माळावरच्या वाऱ्यात नंदादीप कसा न्यायचा? मी उंबऱ्यात रडायलाच लागले.

दरोगासाहेबांनी गल्लीचा पिंजरा उकळत्या पाण्यानं धुऊन आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "इसमें रखो. सरकारी माल है, शाम को वापस!"

वाटेत जो तो विचारायचा, "वहिनी, पिंजऱ्यात काय सापडलं?"

"नंदादीप!"

संध्याकाळी साहेब पिंजरा मागायला आले. मी म्हणाले, "शांता सुटेपर्यंत राहू द्या." मग रोजच मागायचे, मी रोजच तेच सांगायचे. पुरे दोन महिने!

*

झोपड्यांत ते रोज सकाळी माणसं मोजायचे. कुणी ताप लपवू नये, बाहेरचा कुणी येऊन राहू नये म्हणून. आमची सहा माणसं.

एका सकाळी काठी वाजली. "कितने आदमी?"

सासूबाई आतून म्हणाल्या, "सात."

"कल छे थे! सातवाँ कौन? किस गाँव से आया? सुई ली?"

"न्हाई साहेब, सुई घेतली न्हाई. आत्ता पहाटंच आलाय. अजून नीट डोळेपण उघडना गेलाय!" म्हणत सासूबाईंनी दुपट्यातलं बाळ दारात धरलं.

साहेब वाकले. आत शांता दमून हसत होती. उशाशी पिंजरा, त्यात दिवा तेवत होता.

मी लगबगीनं म्हणाले, "थांबा, दिवा काढून पिंजरा देते."

त्यांनी ऐकलंच नाही. पेन्सिल काढली, रजिस्टरात काहीतरी लिहिलं आणि पुढच्या झोपडीवर काठी वाजवली, "कितने आदमी?"

आमच्या ह्यांची शाळा उर्दूतून झालेली. त्यांनी साहेबांच्या खांद्यावरून वाचलं होतं.

मी विचारलं, "काय लिहिलं हो?"

"आदमी सात. पिंजरा गुम!"