जाऊबाई शब्द टाकतात तेव्हा

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी कुणाची निव्वळ स्तुती केलेली मी आजवर ऐकलेली नाही. माझीसुद्धा नाही. लग्न होऊन या घरात आले, तेव्हा शेजारणींशी ओळख करून देताना त्या म्हणाल्या होत्या, "कामाला वाघ आहे, पण हिच्या तोंडावर उत्तर तयारच असतं." मी तोंडावर आलेलं उत्तर गिळलं आणि हसून उभी राहिले. आता मला नात आहे, तरी ते वाक्य मी विसरलेले नाही. खोटं होतं म्हणावं तर तीही सोय नाही.

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली जी तिरकी जागा आहे, तिथे त्यांचं इस्त्रीचं टेबल. आधी तिथे थोरले दीर उभे राहायचे, ते गेल्यावर जाऊबाई उभ्या राहिल्या. जिना वरून उतरत येतो, त्यामुळे टेबलाच्या एका टोकाला त्यांना मान वाकवून काम करावं लागतं. टेबलावर जुन्या चादरींचा थर, त्यावर पांढरं कापड, हाताशी पाणी फवारायची बाटली, मागे दोरीला लटकलेले हँगर आणि पायाशी घराघरांची गाठोडी. गल्लीतला प्रत्येक माणूस कपड्यांच्या रूपाने एकदा तरी त्या टेबलावर आडवा होतो. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा कोट आणि तिथली फरशी पुसणारीचा गणवेश शेजारी शेजारी पडलेले असतात. एरवी या दोघी एकमेकींशी कामापलीकडे बोलणार नाहीत, पण जाऊबाईंशी दोघीही बोलतात. कुणाला माणूस हवं आहे आणि कुणाला काम हवं आहे, हे त्यामुळे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं.

त्यांनी पहिल्यांदा कुणासाठी शब्द टाकला तो त्या डॉक्टरीणबाईंकडेच. दातांचा दवाखाना, बाहेर बसून नंबर लावायला मुलगी हवी होती. वरच्या मजल्यावरची एक मुलगी कामाच्या शोधात होती. जाऊबाई तिला घेऊन गेल्या आणि तिच्या समोरच म्हणाल्या, "डोकं पक्कं आहे, घोळ घालणार नाही. पण चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. हसरी पाहिजे असेल तर आत्ताच सांगा, आम्ही परत जातो."

मुलीला धरणी दुभंगावी असं झालं. डॉक्टरीणबाई मात्र हसायला लागल्या. "अहो, दाढ ठणकत असताना समोर कुणी हसत बसलेलं कुणालाही आवडत नाही. उद्यापासून येऊ दे." ती मुलगी अजून तिथेच आहे. अजून हसत नाही.

पुढे ती त्यांची पद्धतच झाली. माणसाला बरोबर न्यायचं, त्याचा गुण सांगायचा आणि त्याच्या देखत त्याची एक खोडही सांगायची. आपल्यालाच घेऊन जाणारी बाई आपली उणीदुणी काढते म्हणून लोक सुरुवातीला चिडायचे. मीही एकदा म्हटलं, "वहिनी, ज्याचं भलं करायला निघालात त्याचं निदान नाक तरी कापू नका." त्या म्हणाल्या, "अगं, आज मी सांगितली तर ती खोड आहे. उद्या कामावर ठेवणाऱ्यांना आपली आपण कळली, तर ती फसवणूक होते." मग मी बघत गेले. त्यांनी लावून दिलेली माणसं टिकायची. बडबडी स्वयंपाकीणबाई बडबडायला लागली की घरातले म्हणायचे, इस्त्रीच्या मावशींनी सांगितलं होतं. संपलं.

एकदा मात्र एक माणूस टिकला नाही. मागच्या गल्लीतल्या एका आजारी आजोबांजवळ बसायला त्यांनी एकाला लावलं होतं. तो एका सकाळी आलाच नाही आणि त्याचा ठावठिकाणाही लागेना. आजोबांची सून कामावर जाणारी, ती रडकुंडीला आली. जाऊबाईंनी टेबल आवरलं आणि दुसरा माणूस मिळेपर्यंत स्वतः त्या आजोबांजवळ जाऊन बसल्या. "मी लावलेला माणूस गेला, म्हणजे मीच जायला पाहिजे," एवढंच म्हणाल्या. गल्लीची गाठोडी अर्थातच माझ्या गळ्यात पडली. त्या दिवसांत मी एका वकिलांच्या शर्टाची कॉलर चहाच्या रंगाची करून ठेवली. ते वकील अजून मला दुरूनच नमस्कार करतात.

तर, जाऊबाईंचा शब्द तयार झाला तो असा. तो फुकटचा नव्हता, म्हणून त्याला वजन होतं.

ज्याला कुणीच ओळखत नाही, त्याचं काय करायचं, हाही प्रश्न त्यांच्यापुढे आला होता. एक तरुण कुठूनसा दुरून राहायला आला. गाडी चालवता येत होती, पण जाईल तिथे पहिला प्रश्न एकच, ओळखीचं कोण आहे? तो जाऊबाईंकडे आला तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, "मी तुला ओळखत नाही. शब्द कसा टाकू?" बिचारा वळला. तो दारापर्यंत गेला तेव्हा त्यांनी हाक मारली. "ओळख नाही म्हणून अडलंय ना? मग ओळख करून घेऊ. हे गाठोडं दुसऱ्या मजल्यावर देऊन ये." त्यांनी त्याला महिनाभर घरोघरी कपडे पोचवायला पाठवलं. दारं उघडत गेली, लोकांना त्याचा चेहरा सवयीचा झाला. मग त्या त्याला घेऊन एका गाडीमालकाकडे गेल्या. "रस्ते माहीत नाहीत याला, पण विचारायला लाजत नाही," हे त्याचं प्रशस्तिपत्र. आज तो स्वतः गाडीमालक आहे. शाळेत मुलं नेणाऱ्या त्याच्या व्हॅन आमच्या भागातून धावतात आणि त्यातल्या एकीत माझी नात बसते.

हे सगळं सांगायचं कारण माझा पुतण्या.

जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा. गाडी चालवण्यात हुशार, स्वभावाने लाघवी, पण हाताला नोकरी नाही. त्या व्हॅनवाल्याला नेमका ड्रायव्हर हवा होता. तो आपण होऊन टेबलाशी आला. "मावशी, तुमचा मुलगा घरचाच. फक्त तुम्ही एकदा म्हणा, म्हणजे झालं." पुतण्या शेजारी नवा शर्ट घालून उभा. मी मनातल्या मनात तोंड गोड करून घेतलं होतं.

जाऊबाईंनी इस्त्री उभी केली. "गाडी छान चालवतो. पण फोन वाजला की त्याला राहवत नाही, चालत्या गाडीतही उचलतो. मी मागे बसून बघितलंय. मुलांच्या गाडीवर याला घेऊ नका."

पुतण्या तिथून निघून गेला.

मग मी जी सुरू झाले! "वहिनी, अख्ख्या गल्लीची पोरं मार्गी लावलीत आणि स्वतःच्या पोराच्या पायावर धोंडा? एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? घरी दम देता आला नसता त्याला?" माझं संपल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "तुझी नात कुठल्या गाडीने जाते?"

माझ्या तोंडावर कायम उत्तर तयार असतं म्हणतात. त्या दिवशी नव्हतं.

पुतण्याने बाजारात माल पोचवायचा टेम्पो धरला आणि आईशी बोलणं टाकलं. एका घरात राहून अबोला धरणं म्हणजे काय, ते मला विचारा, कारण मधली तार मी होते. आई समोर बसलेली असायची आणि हा मला सांगायचा, "काकू, आईला सांग, मी जेवून आलोय." मग आई म्हणायची, "त्याला सांग, ऐकू आलं." एकदा वैतागून मी दोघांनाही सांगितलं की माझा घसा आता भाड्याने मिळणार नाही. तरी काही फरक पडला नाही. असं वर्ष गेलं. जाऊबाई त्याचे शर्ट इतक्या जपून इस्त्री करायच्या की मला बघवत नसे. आपल्या म्हणण्यापायी त्यांचा मुलगा त्यांच्या हातातून जात होता, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी तो अवेळी घरी आला. चेहरा पांढराफटक पडलेला. खुर्चीत बसला आणि म्हणाला, "काकू, आईला सांग..." आणि थांबला. मग मान वळवून त्याने आईकडेच बघितलं. "आई, फोन वाजला म्हणून मी खाली बघितलं. वर बघितलं तर पुढे एक बाई सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. मागे मूल बसलेलं. ब्रेक लागला, पण..."

"कुणाला लागलं?" जाऊबाईंचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

"कुणालाच नाही. टेम्पोत भरलेल्या काचा फुटल्या फक्त."

त्या उठल्या, त्याला पाणी दिलं आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या पाठीवरचा हात काढला नाही. 'मी म्हटलं नव्हतं?' हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं नाही. माझ्या निघालं असतं.

काही महिन्यांनी व्हॅनवाल्याकडे पुन्हा जागा झाली. पुतण्या दोन दिवस टेबलाभोवती घुटमळला आणि शेवटी म्हणाला, "आई, माझ्यासाठी शब्द टाकशील?" त्या म्हणाल्या, "आधी बघते." दुसऱ्या दिवशी त्या त्याच्या टेम्पोत शेजारी जाऊन बसल्या, म्हणे बाजारापलीकडे कुणाला तरी भेटायचं आहे. निघण्याआधी मला बाजूला घेऊन बजावलं, "गाडी सुटली की त्याला फोन करत राहा. सोडू नकोस."

मी जिन्याच्या पायरीवर बसले आणि लागले कामाला. घंटी वाजून वाजून बंद पडायची, की मी पुन्हा लावायची. बऱ्याच वेळाने त्याचाच फोन आला, तोही कडाडून. "काकू, घर पेटलंय का? गाडी बाजूला घेतली म्हणून बोलतोय!" आता काय सांगू? मी म्हटलं, "काही नाही रे, येताना भाजी काय आणशील ते विचारायचं होतं." पलीकडून मागे जाऊबाईंचं हसणं ऐकू आलं. वर्षाहून जास्त झालं होतं त्यांना तसं हसून.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं व्हॅनवाल्याकडे गेलो. तो खुर्ची द्यायला उठला तर जाऊबाई उभ्यानेच बोलल्या. "हट्टी आहे. सख्ख्या आईशी वर्षभर बोलला नाही. तुमच्याशी बिनसलं तर तुमच्याशीही बोलणार नाही. पण चालत्या गाडीत आता फोन घेत नाही. शेजारी बसून बघितलंय मी." पुतण्याचे कान लाल झाले होते, पण या वेळी तो जागचा हलला नाही. व्हॅनवाला म्हणाला, "मावशी, तुम्ही तेव्हा नाही म्हणालात ना, त्या दिवसापासून तुम्ही पाठवलेल्या माणसाला मी दुसरं काही विचारलेलं नाही." आणि त्याने पुतण्याच्या हातात किल्ली ठेवली.

पहिल्या सकाळी व्हॅन आमच्या दाराशी आली. मी नातीला आत बसवलं, तिचा पट्टा लावला. मुलांना सांभाळणारी बाई मागे बसलेली होतीच. पुतण्या खाली उतरून टेबलाशी गेला आणि त्याने खिशातला फोन काढून आईपुढे धरला. "हा तुझ्याकडे ठेव. म्हणजे प्रश्नच नको."

जाऊबाईंनी हात पुढे केला नाही. "राहू दे तुझ्या खिशात," त्या म्हणाल्या. "मी शब्द दिलाय."

पुतण्या फोन खिशात टाकून गाडीत जाऊन बसला. व्हॅन वळणापलीकडे दिसेनाशी झाली. जाऊबाई माझ्याकडे पाठ करून कामाला लागल्या होत्या. इतकं सगळं डोळ्यांनी बघून, कानांनी ऐकूनही माझ्या जिवाला चैन पडेना. मी पदराआड फोन धरला आणि त्याचा नंबर लावला. वाजला. वाजत राहिला. वाजून वाजून आपोआप बंद झाला.

मान वर केली तर टेबलावर शर्ट पसरलेला होता आणि जाऊबाईंनी इस्त्री हवेत तशीच धरलेली होती. त्यांनी वळून बघितलं नाही.

"नाही उचलला," मी म्हटलं.

तेव्हा कुठे त्यांनी इस्त्री कापडावर टेकवली.