अर्धं राहिलेलं वाक्य

माझ्या धाकट्या दिराला घरात सगळे टकळी म्हणतात. त्याचं तोंड असं चालायला लागलं ते थोरल्या भावामुळे, म्हणजे आमच्या यांच्यामुळे. हे लहानपणापासून बोलताना अडखळतात. दुकानात पहिल्याच अक्षराला गाडी अडायची, मागची गिऱ्हाइकं चुळबुळायची, आणि यांच्या कमरेएवढा टकळी पुढे होऊन सगळं एका दमात सांगून मोकळा व्हायचा. त्याच दमावर तो पुढे बँडमध्ये गेला. मागे ड्रम आणि कर्कश गिटार, पुढे याच्या तोंडात लाह्या फुटतायत.

हे वायरमन. त्याचा पहिला ॲम्प्लिफायर यांनीच भंगारातल्या सुट्या भागांतून जुळवून दिला. सराव एका गॅरेजमध्ये चाले. एकदा गॅरेजमालक तणतणत आला, ड्रम रस्त्यावर फेकतो म्हणाला. हे पुढे झाले. "हा म-म-म..." एवढ्यावरच अडले. टकळीने सवयीने पुढचं जोडून टाकलं. "मालक, इंजिन गार आहे, सुरू व्हायला वेळ लागेल." मालकासकट सगळे हसले. ड्रम वाचले.

टकळीने त्याचं गाणं केलं. "हा म-म-म", मग गिटारचा दणका, मग इंजिनाचा विनोद. गाणं तुफान गाजलं. पोरं रस्त्यात यांना बघून म-म-म करू लागली. यांनी भांडण केलं नाही; भावाशी बोलणंच टाकलं. त्याचा फोन आला की मुकाट्याने माझ्या हातात देत.

टकळी मोठ्या शहरात गेला, टीव्हीवर झळकला. नवी गाणी केली ती कुणी विचारेना, जिथे तिथे तेच मागत. त्यापायी गिटारवाला भांडून गेला, दुसरा आला. गाणं तेच राहिलं.

मग आमच्याच गावात कार्यक्रम ठरला, आणि मैदानावरच्या विजेचं काम नेमकं यांच्याकडे आलं. टकळीचा मला फोन. "वहिनी, दादासमोर ते गाणं म्हणणार नाही. सांगाल ना त्याला?" मी सांगितलं. हे वायर सोलत राहिले.

अंधार पडू लागला होता. तिसऱ्या गाण्याला फटकन वीज गेली. स्टेज मुकं झालं, आणि गर्दीला चेव आला. टाळ्यांच्या ठेक्यावर अख्खं मैदान ओरडू लागलं, "हा म-म-म!" मी कडेला, गर्दी अडवायच्या दोरीपाशी बसले होते. स्विचबोर्ड माझ्यापासून चार पावलांवर, आणि हे टॉर्च घेऊन त्याच गर्दीसमोरून चालले होते. मान खाली, पाऊल जराही न बदलता. टकळी स्टेजच्या टोकाशी येऊन हात हलवत होता, गप्प बसा म्हणत होता. माइक नाही म्हटल्यावर त्याचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना.

शेवटी तो खाली उडी मारून बोर्डापाशी धावला. यांनी दातात धरलेला टेस्टर काढला.

"दादा, मी..."

"थ-थांब. त्या दिवशी गॅरेजात मला बोलायचं होतं. हा म-म-म..."

मागे मैदान तेच अक्षर घोकत होतं. टकळीचे ओठ हलले. सवयच ती, पुढचं त्याच्या जिभेवर आलंच होतं. त्याने खालचा ओठ दातांत धरला आणि थांबला. यांच्या मानेची शीर ताठली होती.

"...माझा भाऊ आहे. काय बोलायचं ते म-मला बोला."

एवढं बोलून यांनी खटका वर केला.

दिवे आले. गर्दीला तेच गाणं हवं होतं. टकळीने त्यांना "हा म-म-म" म्हणू दिलं, मग गिटारवाल्याला हाताने थोपवलं आणि उरलेलं वाक्य साध्या आवाजात, सावकाश म्हटलं. मैदान बावचळलं. मागून कुणीतरी विचारलं, इंजिन कुठं गेलं? टकळीने ते दिलं नाही. पुढेही कधी दिलं नाही; गाण्याची मागणी त्यानंतर ओसरली ती ओसरलीच.

कार्यक्रम संपल्यावर हे वायर गुंडाळत होते. टकळी दुसरं टोक धरून उभा राहिला.

"ते वाक्य ता-तालात बसत नाही," हे म्हणाले.

टकळीने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. अजून काही यायचं आहे का, ते बघत राहिला.

यायचं होतं.

"प-पण राहू दे."