रिकामी गोळी कोणाची?

माझ्या जिभेला हाड नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. मी अंगणवाडीत काम करते, बारावीपर्यंत जव्हारला शिकले. त्यामुळे पाड्यावर कुणी माहिती घेऊन आलं की ती माझ्यामार्फत सांगितली जाते, आणि मीही विचारल्या-न विचारल्याची पर्वा न करता सांगते. सिकलसेलच्या नव्या गोळीची माहितीसुद्धा पाड्यावर मीच सांगितली.

आमचं घर पोशेऱ्याच्या अलीकडे, उतारावर. घर एकच, मधे कुडाची भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे थोरले दीर आणि जाऊ. दोघा भावांच्या रक्तात हा आजार निम्मा होता, आणि नशीब असं की आम्हा दोन्ही जावांच्या रक्तातही निम्मा होता. चौघांनाही त्याचा काही त्रास नाही. पण माझ्या लेकीला आणि जावेच्या मुलाला तो दोन्हीकडून मिळाला. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं दुखतात, हे आता मी झोपेतही सांगेन. पण ज्यानं ते दुखणं पाहिलं नाही त्याला ते कळायचं नाही. पोर ओरडतही नाही. घामाघूम होऊन एका कुशीवर पडून राहतं आणि पाठीवर हात ठेवला तरी तो काढून टाकतं. थंडी, तहान, जास्त धावणं, कुठलंही निमित्त पुरतं.

मुंबईचे डॉक्टर जव्हारच्या दवाखान्यात येऊ लागले तेव्हा दोन्ही मुलांची रोजची कॅप्सूल चालूच होती. तिच्या जोडीला एक नवी गोळी देऊन पाहायची होती. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ही गोळी चांगली आहे की नाही, हे आम्हालाही माहीत नाही. तेच बघायचंय." रोजची कॅप्सूल सगळ्यांनाच मिळणार होती. नवी गोळी मात्र निम्म्या मुलांना खरी, आणि निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कुठली हे मशीन ठरवणार, आणि ते ना आम्हाला कळणार, ना डॉक्टरांना.

पाड्यावर मी हे सांगितलं तेव्हा जावेनं विचारलं, "मंग रिकामी गोळी देतातच कशाला? पोरांची मस्करी करतात का?"

मी म्हणाले, "अगं बाय, सगळ्यांनाच खरी दिली आणि पोरं बरी झाली, तर ती गोळीनं झाली की आपली आपण, हे कसं कळायचं?"

जाऊ थोरली, पण आमच्याकडे मोठ्यांनाही 'तू'च म्हणतात. 'तुम्ही' मी जव्हारच्या शाळेत शिकले आणि ते डॉक्टरांसाठी राखून ठेवलं आहे. माझं उत्तर सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. आमची दोन्ही मुलं तेव्हा कोपऱ्यात बसून ऐकत होती. लेक सहावीत, पुतण्या सातवीत. त्यांनाही विचारलं गेलं, त्यांनीही मान डोलावली. ज्याच्या त्याच्या नावाची बाटली मिळाली. सकाळची गोळी जेवणानंतर घ्यायची म्हणून मुलं ती पुडीत बांधून शाळेत नेत आणि खिचडी खाल्ल्यावर घेत. संध्याकाळची मात्र मी स्वतः हातावर ठेवायचे आणि गिळेपर्यंत समोरून हलायचे नाही.

पावसाळा गेला, भात कापून झालं, आणि माझ्या लेकीला एकदाही कळ आली नाही. दर वर्षी त्या दिवसांत ती अंथरुणाला खिळलेली असायची. या वर्षी ती खळ्यावर पोरींबरोबर पळत होती, आणि माझ्याशी मोठ्यानं भांडतही होती. बरी असली की ती भांडते. मला इतका आनंद होत होता की सांगता सोय नाही. पलीकडे पुतण्याला मात्र दोनदा जव्हारला न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी गुडघा सुजून टम्म झाला होता.

हातच्या काकणाला आरसा कशाला? खरी बाटली आमच्या वाट्याला आली आहे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. गोळीनं की आपलं आपण, हा माझाच प्रश्न. तो मी पाड्यावर वाटून मोकळी झाले होते, स्वतःसाठी काही शिल्लक ठेवला नव्हता.

जावेला जे दिसायचं ते दिसतच होतं. एका दुपारी आम्ही दोघी ओटीवर नागली पाखडत होतो. सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, "तुझ्या बाटलीतल्या थोड्या दे ना माझ्या पोरास."

मी नाही म्हणाले. तसं चालत नाही, डॉक्टरांचा सगळा हिशोब बिघडेल, दुसऱ्याची गोळी दिली आणि काही भलतंच झालं तर कोण निस्तरणार, सगळं सांगितलं. नियम पाळायचा होता हे खरं. माझी पोर बरी आहे, ती तशीच राहावी, हेही तितकंच खरं. दुसरी कुठली आई वेगळं काय म्हणाली असती, हे मला अजून कळलेलं नाही.

"तुझं पोट भरलंय," एवढंच जाऊ म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

त्यानंतर ती माझ्याशी बोलेनाशी झाली. दिवाळीनंतर आमच्याकडे पाड्यांवरची माणसं जगायला जातात, म्हणजे भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, बांधकामावर. थोरले दीर गेले. दर वर्षी जाऊही मुलाला घेऊन जायची. या वर्षी ती मागे राहिली. मुलानं गावात राहून गोळ्या घेतल्या पाहिजेत, तपासण्या चुकल्या नाही पाहिजेत, म्हणून ती एकटी राहिली, मिळेल त्या मजुरीला गेली. आणि ज्या गोळीसाठी राहिली ती आपल्या पोराच्या नशिबी रिकामी, असं तिला रोज वाटत होतं. हे मला समजत होतं. पण समजलं तरी काय करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

महिन्याच्या तपासणीला दवाखान्याची जीप रस्त्यापर्यंत यायची. घाटात मुलं मागच्या सीटवर खिदळत असायची. आम्ही दोघी दोन खिडक्यांना तोंडं करून बसायचो. जव्हारच्या वळणावर शिरपामाळ बघायला आलेल्या शहरी पर्यटकांच्या गाड्या उभ्या दिसल्या की एरवी जाऊ त्यांच्या चष्म्यांची टिंगल करायची, इतकी की मला ठसका लागायचा. आता ती नुसती बघत बसायची.

थंडीतल्या तपासणीला पुतण्या पाय ओढत आत आला. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, नर्सनं बाटल्यांतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या. त्या नेहमीप्रमाणे बरोबर होत्या. आणि जावेचा बांध फुटला.

"याची बाटली बदल," ती डॉक्टरांना म्हणाली. "याची रिकामी हाय. हिच्या पोरीची खरी हाय. मना दिसत नाय का?"

डॉक्टर म्हणाले, "ताई, कुणाची कुठली हे मलाही माहीत नाही."

"तुला नाय दिसत, मना दिसतं."

तिच्या 'तू'वर नर्स चमकली. डॉक्टर मात्र माझ्याकडे बघत होते, कारण समजावून सांगायचं काम नेहमी माझं. मी काय सांगणार? जावेला दिसत होतं तेच मलाही दिसत होतं.

तेवढ्यात माझी लेक म्हणाली, "मोठी आई, तो माझ्या बाटलीतली पण खातो."

खोलीत कुणालाच काही कळेना. डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं. ती आधी पुतण्याकडे बघत राहिली, मग तिनं सांगून टाकलं. शाळेत खिचडी झाली की दोघं पुड्या बदलायची. तिची सकाळची गोळी तो खायचा, त्याची ती. संध्याकाळची आपापली. म्हणजे दिवसाच्या दोन गोळ्यांतली प्रत्येकाची एक आपली आणि एक दुसऱ्याची.

"केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि ते का?"

उत्तर पुतण्यानं दिलं. "रिकामी कोनाची ते कोनास ठाऊक नाय, असं काकीनंच सांगितलं व्हतं. मंग आम्ही वाटा केला. आम्ही मासे धरले तरी वाटा करतोच."

माझा हात उठलाच होता. पण मारणार कोणाला आणि कशासाठी? चढणीचे मासे असोत की ओढ्यातले खेकडे, सारखे वाटे घालायला या दोघांना आम्हीच शिकवलं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. रागावले नाहीत. दोन्ही मुलांना काही अपाय झालेला दिसत नाही, पण ती आता या अभ्यासात राहू शकणार नाहीत, असं म्हणाले. नवी गोळी बंद. रोजची कॅप्सूल आणि तपासणी चालू राहील, जीपसुद्धा येईल.

मी विचारलं, "मग माझी पोर बरी कशानं राहिली?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "दोघांच्या पोटात दोन्ही बाटल्यांतल्या गोळ्या सारख्याच गेल्या, तरी एक बरी राहिली आणि एकाला त्रास झाला. या आजारात असं होतं. एकाचं वर्ष चांगलं जातं, दुसऱ्याचं वाईट. एका घराकडे बघून कळलं असतं, तर एवढ्या मुलांना आम्ही कशाला त्रास दिला असता?"

हे वाक्य थोड्याफार फरकानं माझंच होतं. इतके महिने मी त्या बाटलीच्या भरवशावर निर्धास्त होते. बाटली फडताळात आहे तोवर माझ्या लेकीला काही होत नाही, असं धरून चालले होते. आता ती बरी होती आणि त्याला काहीच कारण नव्हतं. उद्या कळ आली तर त्यालाही काही कारण लागणार नव्हतं. मला भीती वाटली. तशी भीती ती आजारी असतानाही वाटली नव्हती.

बाहेर बाकावर जाऊ बसली होती. मी शेजारी जाऊन बसले. आता ती काहीतरी लागट बोलेल आणि आपण ऐकून घ्यायचं, असं ठरवूनच गेले होते.

ती म्हणाली, "मंग तुझी बाटली खरी नव्हती?"

"असेल गं. नसेलही. पण असली तरी तुझ्या पोरानं तिच्यातली निम्मी खाल्लीच ना, बाय."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"तुझा लय राग येत व्हता मना," ती म्हणाली. "पन रातचं झोप लागत व्हती. मना वाटं, खरं औषध आपल्याच घरात हाय, कुडापल्याड. माझा पोरगा फारच वाईट झाला, तर तू काय नाय म्हननार नाय. देशीलच. तेवढ्यावर मी र्‍हायले." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आता कोनाकडं मागू?"

समोर पायरीवर तिचा मुलगा दुखरा गुडघा लांब करून बसला होता आणि जीप कधी सुटणार, असं आम्हाला विचारत होता.