आल्केनं उपटलेलं फावडं

आल्के आमच्या खाजणात आली तेव्हा तिच्याजवळ एक घोंगडी होती आणि पायांत दोन वेगवेगळ्या जोडांतले लाकडी बूट. आतल्या वाळूच्या मुलखातली ती. तिकडे माणसं जमिनीसकट मालकाची असतात. घरधनी मेला की गोठ्यातलं सगळ्यांत चांगलं जनावर मालकाच्या दारात नेऊन बांधायचं, अशी तिकडची रीत. आल्केचा बाप त्या मोठ्या साथीत गेला. त्याला पुरून ती घरी येते तो मालकाचा कारभारी गाय सोडत होता. आईला बहिणीच्या हवाली केलं आणि वारा जिकडून खारट येत होता तिकडे चालत सुटली.

आमच्या या समुद्रकाठच्या फ्रीजियात असा मालक नाही, आणि या गोष्टीचा आम्हाला फार तोरा. पण बिनजमिनीच्या माणसाला आमच्यातही कुणी विचारत नसे. समुद्राच्या बांधात ज्याचा वाटा त्याच्याच शब्दाला सभेत वजन. शेत जेवढं मोठं, तेवढा बांधाचा वाटा लांब. गडी आणि मोलकरणी त्याच बांधावर चिखल वाहून मरायच्या, पण सभा भरली की त्यांनी कुंपणाबाहेर उभं राहायचं.

आल्के उब्बोच्या गोठ्यात दूध काढायला राहिली. उब्बोचं घर आमच्या शेजारच्या टेकाडावर आणि त्याचा बांध आमच्या बांधाला लागून, अगदी कोपऱ्यावर, जिथे लाट सरळ येऊन आदळते. त्याचे दोन्ही मुलगे साथीत गेले होते. म्हातारा एकटा पडला, बांध राखायला हात उरले नाहीत. आल्के गोठा सांभाळून होईल तेवढं करायची. एकदा मी तिला म्हटलंही, "अगं, त्याचा बांध तू का लिंपतेस? तुला त्याचं काय मिळणार?"

"हिस्केबाई," ती म्हणाली, "पाणी आलं तर ते विचारणार आहे का, बांध कुणाचा होता म्हणून?"

पाणी आलंच. हिवाळ्याच्या तोंडावरच्या मार्टिनच्या सणाचं मांस अजून धुरावर टांगलेलं होतं. तीन दिवस वायव्येचा वारा सुटला होता, आणि चौथ्या दिवशी सकाळी उब्बोचा कोपरा फुटला. आवाज असा झाला की माझा नवरा ताम्मो हातातला वाडगा टाकून उठला. आम्ही टेकाडावरून पाहत राहिलो. कुरणं, कुंपणं, गवताच्या गंजी, सगळं पाण्याखाली जात होतं. छातीभर पाण्यात आल्के एका गाईची शिंगं धरून मागे मागे सरकत होती आणि गाईला शिव्या देत होती. तिनं दोन गाई वर आणल्या. बाकीच्या गेल्या.

पाणी ओसरल्यावर भगदाड दिसलं. नुसतं भगदाड नव्हे, पाण्यानं घुसळून खाली डोह केला होता. मासेमारीची सर्वांत लांब काठी घातली तरी तळ लागेना. रोजची भरती त्यातून आत यायची आणि आमच्या सगळ्यांच्या शेतांवर मीठ सोडून जायची.

सभा बांधावरच भरली, नेहमीचं लाकडी कुंपण तिथेच ठोकून. पंचांनी उब्बोला विचारलं, बुजवशील का? म्हातारा डोहाच्या काठापर्यंत गेला. मग त्यानं आपलं फावडं घेतलं, बांधाच्या तुटक्या टोकावर रोवलं आणि हात सोडला. आमच्याकडे याचा अर्थ एकच. माझ्यानं होत नाही. घर, शेत, सगळं सोडलं. टोपी काढून तो सगळ्यांच्या पाया पडल्यासारखा वाकला आणि बंदराच्या गावी बहिणीकडे निघून गेला.

आता कायदा असा, की जो ते फावडं उपटेल त्याला उब्बोचं सगळं मिळणार, भगदाडासकट. ते पुढच्या शरदातल्या वादळांआधी बुजवायचं. नाही बुजलं तर त्याच्याजवळ असेल नसेल ते जाणार. चांगले तालेवार शेतकरीसुद्धा बुटांकडे बघत उभे राहिले. हारो मात्र खुशीत होता. गावात सगळ्यांत मोठं शेत त्याचं. त्याचं म्हणणं, बांध मागे घ्यावा आणि उब्बोची जमीन समुद्राला सोडावी. उन्हाळ्यात तिथे गवत उगवेल. ते गवत कुणाच्या मेंढ्या खाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात कुंपणाबाहेरच्या गर्दीतून आल्के आत आली.

"ए पोरी," हारो म्हणाला, "दूध काढायचं सोडून इकडे कुठे? ते फावडं आहे, गाईचं आचळ नाही."

"आचळ असतं तर एवढे सगळे नुसते बघत उभे नसते," आल्के म्हणाली. आणि दोन्ही हातांनी ओढून तिनं फावडं उपटलं.

आधी हशा पिकला, मग एकच गलका. बाई आहे! परकी आहे! हिच्या अंगावरचे कपडेसुद्धा उब्बोच्या मेलेल्या बायकोचे! हारो ओरडला, "पोप्पोकाका, सांगा हिला कायदा!"

पोप्पो म्हणजे आमचे सर्वांत जुने पंच. कायदा त्यांना तोंडपाठ. त्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना म्हणावी तसं म्हटलं, "जो फावडं उपटेल त्याचं घर, त्याचं शेत, त्याचं भगदाड."

"ऐकलंस? जो! जी नव्हे!"

पोप्पोंनी एक डोळा उघडला. "हारो, जो चोरी करेल त्याला शिक्षा, असंही कायदा म्हणतो. मग तुझ्या बायकोनं माझी कोंबडी उचलली तर मी गप्प बसायचं का?"

या वेळचा हशा वेगळा होता. हारोचे कान लाल झाले. पोप्पो आल्केकडे वळले. "पोरी, तुला माणसं कुठून मिळणार?"

"बघते," ती म्हणाली.

ती कुणाच्याही पुढच्या दारानं गेली नाही. गोठ्यागोठ्यांतून फिरली. गडी, मोलकरणी, साथीत आईबाप गेलेली, वाळूच्या मुलखातून पळून आलेली, अशा सगळ्यांना तिनं एकच सांगितलं. "माझ्याबरोबर चिखल वाहा. बांध उभा राहिला की उब्बोची जमीन आपण सगळे वाटून घेऊ. तुकडा लहान मिळेल, पण स्वतःचा. आणि त्याच्यासमोरचा बांधही स्वतःचा."

मी तिला बाजूला घेतलं. "वेडी आहेस का? सगळी जमीन कायद्यानं तुझी आहे!"

"हिस्केबाई, एवढ्या जमिनीची मालकीण होऊन मी काय करू? गडी ठेवू?" असं म्हणून ती हसली, पण डोळे हसत नव्हते.

हारोचा नांगरगडी एल्ट सर्वांत आधी तिच्याकडे गेला. हारो अंगणात पाय आपटत होता, "माझी लापशी खाऊन माजलास!" एल्टनं शांतपणे आपला चमचा कमरेला खोचला. "लापशी तुमची होती, मालक. खपत मी होतो." आणि तो निघाला. साथीनंतर गडी मिळत होते कुठे? हारोला त्या वसंतात स्वतः नांगर धरावा लागला. अख्खं गाव काही ना काही निमित्त काढून त्याच्या शेतावरून जाऊन आलं.

काम सुरू झालं ते सरळ भगदाडातच. माती टाका, डोह गिळायचा. गवताची ढेकळं टाका, भरती घेऊन जायची. वसंत संपत आला तरी पाण्याच्या वर मूठभर माती दिसेना. माणसं गळाठली. दोघीतिघी परत जुन्या मालकांकडे गेल्या. एका दुपारी आल्के डोहाच्या काठी बसली होती, कोपरापर्यंत चिखल, समोर ताकाचा गडू तसाच. एल्ट तिच्याजवळ जाऊन बसला. मी ताक द्यायला आले होते, म्हणून ऐकलं.

"हा डोह बुजायचा नाही," एल्ट म्हणाला.

"मग बुजवायचाच कशाला? त्याला वळसा घालू."

"वळसा घालायचा तर टेकाडापुढचं कुरण बाहेर जाईल. उब्बोचं सगळ्यांत चांगलं कुरण. वाटणीत ते तुझ्याकडे यायचं ठरलंय."

आल्केनं गडू उचलला, एका दमात रिकामा केला आणि ओठ पुसले. "जाऊ दे बाहेर. मला दुसरीकडचा तुकडा द्या, दलदलीचा असला तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्याच कुरणात दोरी ताणून वळणाची आखणी केली. परत गेलेल्या बाया हे ऐकून पुन्हा आल्या. मग तो बांध वाढताना बघावा! दोन माणसं आणि एक चिखलाची पाटी, मागे दुसरी, मागे तिसरी. एल्ट फावड्यानं ढेकळं कापायचा आणि बाया ती गवताची बाजू वर करून विटांसारखी बसवायच्या. समुद्राकडच्या उतारावर पेंढा अंथरून पिळाच्या दोऱ्यांनी शिवून टाकायच्या. ताम्मोनं आठवडाभर नुसतं बघितलं आणि मग मला न सांगता आमचा बैल आणि चिखलावरून ओढायची बिनचाकांची घसरगाडी तिकडे नेली. मी विचारलं तर म्हणे, "आपला बांध तिच्या बांधाला लागून आहे ना?" त्यानंतर आमच्यासारखे आणखी काही आले. कुंपणाच्या आतले आणि बाहेरचे एकाच पाटीला दोन बाजूंनी धरत होते. असं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

सुगीच्या आधी शेवटची खिंड बंद झाली. ओहोटीत सुरू केलं आणि भरती गुडघ्याला लागली तरी हात थांबले नाहीत. पाणी वर चढलं, नव्या मातीला चाटलं आणि तिथेच राहिलं. आल्के चिखलात बसकण मारून रडली आणि मग आम्हा सगळ्यांनाच रडू आलं.

शरदातल्या पहिल्या मोठ्या वादळात नवा बांध टिकला. खचायला लागला तो हारोचा. दिवस उजाडताना त्याच्याकडचा माणूस धावत आला, आणि हाक कुणाला मारावी ते त्याला कळेना. हाक मारायची वेळच आली नाही. आल्केची माणसं पेंढा आणि ढेकळं घेऊन निघालीच होती. दुपारपर्यंत हारो एल्टच्या शेजारी कमरेभर पाण्यात उभा राहून पेंढ्या दाबत होता.

"डावीकडे दाबा, मालक," एल्ट म्हणाला.

"आता मालक कसला? नावानं बोलव," हारो खेकसला. "आणि जरा सरक, माझ्या पायावर उभा आहेस."

पुढच्या वसंतात पंचांनी बांधावरून फिरून पाहणी केली आणि सभा भरवली. रिवाज असा, की बाईच्या नावे बांध असला तर तिच्यातर्फे कुणी पुरुष बोलायचा. आल्केचं नाव आलं. पोप्पोंनी विचारलं, "तुझ्यातर्फे कोण?"

"माझ्यातर्फे मी. दुसरं कुणी मोकळं नाही."

पोप्पो काही बोलायच्या आत तिच्या मागून एल्ट, बाया, गडी असे सगळे वाटेकरी एकेक करून कुंपणाच्या आत आले. त्यांना बाहेर जा म्हणणार कोण? बांध त्यांचा होता.

त्याच सभेत वाळूच्या मुलखातून तो कारभारी आला. घोड्यावर, बरोबर दोन माणसं. आल्के आमच्या मालकाची आहे, पळून आली आहे, न्यायला आलो आहे, म्हणाला. तिचा हात मी धरला होता म्हणून मला ठाऊक, तो थंडगार होता.

उठला कोण, तर हारो!

"कोणाची म्हणालात?" हारोनं विचारलं.

"आमच्या मालकाची."

"बरं. मग तुमच्या मालकाला सांगा, त्या कोपऱ्यावरचा बांध येऊन राखा. कारण ही गेली तर तो राखणार कोण? हा सगळा मुलूख त्याच्या आड आहे. तुम्ही राहता का? मार्टिनच्या सणापर्यंत राहा. लापशी देऊ."

कारभाऱ्यानं त्या वळणदार बांधाकडे पाहिलं, मग आपल्या स्वच्छ पायमोज्यांकडे. "तुम्ही एका पळपुट्या मोलकरणीसाठी..."

"जीभ सांभाळा," पोप्पोंचा आवाज आला. म्हातारा काठीवर रेलून उभा राहिला होता. "तुम्ही आमच्या सभेतल्या बाईबद्दल बोलताय."

सगळी सभा उभी राहिली. नव्यांतले, जुन्यांतले, सगळे. कारभाऱ्यानं घोडा वळवला. तो गेल्यावर हारो आल्केजवळ येऊन पुटपुटला, "हे तुझ्यासाठी नाही हं केलं. त्या माणसाचा घोडा माझ्या ओटच्या पिकात उभा होता."

"कळलं हो," आल्के म्हणाली. तिचा हात माझ्या हातात पुन्हा ऊबदार झाला होता.

आल्के श्रीमंत झाली नाही. दलदलीच्या तुकड्यातून पाणी काढता काढता तिची कंबर वाकली. पुढे तिनं एल्टशी लग्न केलं. त्यांची भांडणं आमच्या टेकाडापर्यंत ऐकू यायची. पण कारभारी रिकाम्या हातानं परत गेल्याची बातमी वाळूच्या मुलखात पोचली, आणि पुढच्याच उन्हाळ्यात तिची बहीण नवरा-पोरं घेऊन आणि म्हाताऱ्या आईला हातगाडीत घालून आली. पाठोपाठ आणखी घरं आली. वळणाच्या बांधाबाहेर गाळ साचत होता, तिथे या लोकांनी नवा बांध घातला. डोहालगतचं ते कुरणसुद्धा आज पुन्हा आत आहे. आमच्या सभेत आता पुष्कळ जण वाळूच्या मुलखातल्या हेलात बोलतात, आणि कुंपण तर आम्ही केव्हाच चुलीत घातलं.

परवा मी तिकडे गेले होते. आल्केची भाची पहिल्यांदाच बांधावर ढेकळं बसवत होती आणि आल्के मागे उभी राहून ओरडत होती, "अगं, गवत वर! मुळं खाली! तुझ्या डोक्यावरचे केस आत उगवतात का?" पोरगी हसत हसत ढेकूळ उलटं करत होती. मी म्हटलं, "आल्के, ये जरा, बस. ताक आणलंय."

"थांबा हो," ती म्हणाली, "ही ओळ सरळ होऊ द्या." आणि वाकून स्वतःच बसवायला लागली.