सायलीसाठी कॉलेज बघायला: गिरगाव, परळ, दादर

हा ब्लॉग वाचणाऱ्यांना माझ्याकडून किल्ले, किनारे आणि कुठल्या खानावळीत सुरमई ताजी मिळते एवढ्याचीच सवय आहे. या वेळचा प्रवास तसला नाही. माझी भाची सायली, म्हणजे भावाची मुलगी, बारावी झाली आणि मुंबईत शिकायचं म्हणून हटून बसली. भावाला काजूच्या कारखान्यातून सुट्टी नाही, वहिनीला अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांना सोडून निघता येत नाही. राहिले मी, पोस्टातून निवृत्त झालेली आणि पायाला भिंगरी लावलेली. तेव्हा 'आत्या, तूच घेऊन जा' हे ठरायला फार चर्चा लागली नाही.

सायलीला ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेले. यंत्र लावलं तर भांडं पडल्याचं कळतं, शब्द कळत नाहीत. ती ओठ वाचते, आणि ते तिला वहिनीने शिकवलं, आरशासमोर बसवून, वर्षानुवर्षं. आम्ही घरात मालवणी बोलतो, पण सायलीशी पहिल्यापासून पुस्तकातलं मराठी, कारण शाळा त्यात होती आणि पोरीने दोन-दोन बोलींचे ओठ कुठे पाठ करायचे. तिला काही सांगायचं तर हातातलं काम ठेवायचं, तिच्यासमोर उजेडात उभं राहायचं आणि मग तोंड उघडायचं, हा आमच्या घरचा नियम. गावच्या शाळेतल्या मॅडमही आधी फळ्यावर लिहायच्या, मग वर्गाकडे वळून बोलायच्या. त्यांनीच तिला भूगोलाचं वेड लावलं. सायलीला त्यांच्यासारखं भूगोल शिकवायचंय. आमच्या जवळच्या कॉलेजात मुलं मिळेनात म्हणून तो विषयच बंद झाला. म्हणून मुंबई. तिथे शिकवलेलं तिला कळेल असं एक तरी कॉलेज मिळतं का, एवढंच बघायचं होतं.

कुडाळहून संध्याकाळच्या गाडीने निघालं की सकाळी दादरला उतरता येतं. आरक्षण जितकं आधी कराल तितकं बरं, आयत्या वेळी हाल होतात. उतरल्यावर आधी फुलबाजारातून एक फेरी मारा. सायलीने शेवंतीच्या ढिगापुढे उभं राहून एवढे फोटो काढले की फुलवाली म्हणाली, "ताई, आता एक गजरा तरी घ्या." घेतला. तिथून डिलाईल रोडला टॅक्सी परवडते, सामान असेल तर बसच्या भानगडीत पडू नका.

आमचा मुक्काम दिगूकाकांकडे, म्हणजे वडिलांच्या चुलतभावाकडे. गिरणी बंद पडेपर्यंत काका तिथे साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आता चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या काचेच्या इमारतीला नावं ठेवतात. आम्हाला बघताच उठून आले आणि सायलीच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "काय गो, परवास बरो झालो?" शेजारच्या दोन खोल्यांमधून माणसं बाहेर आली.

सायली हसली. "आजोबा, मोठ्याने नको. इकडे बघून, हळू बोला."

"हां, हां," काका म्हणाले आणि तिच्या नाकाला नाक लागेल इतके पुढे आले. मग काकीने त्यांना सदऱ्याला धरून मागे ओढलं आणि योग्य अंतरावर उभं केलं. दुपारी बांगड्याचं तिखलं आणि भात झाला. ती चव कुठल्याही हॉटेलात विकत मिळायची नाही.

त्याच दुपारी गिरगाव. बसने जा आणि थोडं आधी उतरून चालत जा, जुन्या वाड्यांची आणि गल्ल्यांची खरी मजा पायीच आहे. कॉलेजची इमारत देखणी, दगडी, जिन्याला नक्षीचा लाकडी कठडा. प्राचार्याबाई भल्या होत्या. त्यांनी चहा मागवला आणि मला विचारलं, "हिला कुठला विषय आवडतो?"

"भूगोल," सायली म्हणाली.

"अरे वा, बोलते की," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. मला त्यांचा चहा नकोसा झाला, पण प्यायले. ज्याचं काम आहे त्याने गोड राहावं, असं आमची आई म्हणायची.

पुढचं संभाषण मला पुढच्या दोन दिवसांत पाठ झालं. "काही काळजी करू नका, आम्ही हिला पहिल्या बाकावर बसवू." मी म्हटलं, ठीक, पण सर फळ्याकडे वळून बोलले तर पहिल्या बाकावरूनही पाठच दिसणार. मागून कोणी प्रश्न विचारला तर तो कोणी विचारला आणि काय विचारला, हे तिला कसं कळणार? बाईंनी थोडा विचार केला. "सांगू ना आम्ही स्टाफला," त्या म्हणाल्या. कोण सांगणार, कधी, आणि कोणी ऐकलं नाही तर काय, हे तसंच राहिलं. मुळात हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नसावा.

बाहेर पडून आम्ही पियूष प्यायलो आणि चौपाटीवर जाऊन बसलो. सायलीने वाळूत बोटाने किनाऱ्याची रेघ काढून मला उपसागर समजावला. पेन्शनर आत्याला तिने इतकं सोपं करून सांगितलं की मला पटलं, ही पोरगी शिकवेल. तिला आधी कोणीतरी शिकवलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी परळ. हे कॉलेज नवं, चकचकीत. दारातच उतार केलेला, बाजूला कठडा, लिफ्टमध्ये ब्रेलचे आकडे. मला बरं वाटलं. आत 'समान संधी कक्ष' अशी पाटी असलेली खोली होती. कारकुनाने किल्ली शोधून आणली, दार उघडलं तर आत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छतापर्यंत. तो ओशाळला.

"मॅडम, पद मंजूर आहे, माणूस नाही. पण सगळी सोय आहे बघा. रॅम्प आहे, ब्रेलची पुस्तकं आहेत."

"तिला चालता येतं आणि दिसतं," मी म्हटलं. "ऐकू येत नाही."

"मग मोबाइल आहे ना. आता बोललेलं सगळं लिहून दाखवतो तो."

ते आम्ही करून पाहिलेलं आहे. शांत खोलीत, एकाच भाषेत, एकच माणूस बोलत असेल तर बरं चालतं. तिथल्या तिथे सायलीने फोन त्याच्यापुढे धरला. तो मराठीत सुरू झाला, हिंदीत गेला, मध्ये इंग्रजी, मागे कोणाची तरी खुर्ची सरकली. पडद्यावर जे उमटलं ते वाचून तो स्वतःच हसला आणि आम्हीही हसलो. नंतर पायऱ्या उतरताना मला त्या हसण्याचा राग आला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणूस असता तर भांडता तरी आलं असतं.

जवळच लालबाग, तेव्हा मसाले घ्यायला गेलो. मिरच्या स्वतः निवडून घ्या आणि समोर कुटून घ्या. खोकला येतो, रुमाल जवळ ठेवा. डंकाच्या, म्हणजे मिरच्या कुटायच्या यंत्राच्या, गाळ्याबाहेर सायली चप्पल काढून उभी राहिली. मला कळेना काय चाललंय. तिने माझा हात ओढून मलाही अनवाणी केलं. जमिनीतून तो धबधब ठोका तळव्यांत येत होता. ती डोळे मिटून मजेत उभी होती आणि गाळेवाला म्हणत होता, "आजी, मिरची पायाला लागेल." त्या सबंध प्रवासात तिला एवढं खुश मी तिथेच पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दादर. इथले भूगोलाचे सर तरुण, उत्साही. फोनवर सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले होते, "दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झालेत. एक तास बसून बघू दे तिला." असं म्हणणारे ते एकटेच. सायलीने सकाळी तीनदा केस विंचरले. काकीने तिच्या हातावर दही ठेवलं.

वर्ग भरलेला होता. सायली तिच्या हिशेबाने तिसऱ्या रांगेत, खिडकीकडेला बसली. तिथून सरही दिसतात आणि मुलंही. मी शेवटच्या बाकावर. सरांनी तिच्याकडे बघून, सावकाश, मराठीत सुरुवात केली. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी मनातल्या मनात वहिनीला फोनही करून टाकला.

मग विषयात रंग भरला. सर चालायला लागले. मराठीचं हिंदी झालं, हिंदीचं इंग्रजी झालं. मागून एका मुलीने काहीतरी विचारलं, वर्ग हसला, सरही हसले. सायलीने वळून पाहिलं तोवर ते संपलं होतं. आणि मग सर म्हणाले, "आता आपण नकाशे बघू. लाइट बंद कर रे, पडदे ओढ."

हा वर्ग नवीन केलेला होता. प्रोजेक्टर, मोठा पडदा, भिंतीतले स्पीकर. शिकवणं सुधारावं म्हणून केलेला खर्च. पडद्यावर नकाशे सुंदर होते, नद्या हलत होत्या, आणि अंधारात कुठूनतरी सरांचा आवाज येत होता. मला सगळं ऐकू येत होतं. पडद्याच्या उजेडात सायलीचं डोकं दिसत होतं. ते हलत होतं. हो, हो, असं. लग्नकार्यात आठ बायका एकदम बोलायला लागल्या की ती अशीच मान हलवते, कोणाला त्रास नको म्हणून. मला उठून दिवे लावावेसे वाटले. मी उठले नाही, कारण तिला ते मुळीच आवडलं नसतं.

तास संपल्यावर सरांनी तिच्यासमोर येऊन विचारलं, "समजलं?" तिने मान हलवली. ते खुश झाले. मग मी त्यांना बाजूला घेऊन अंधाराचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"माझ्या लक्षातच आलं नाही हो," ते म्हणाले. "आम्हाला हे कोणी शिकवलंच नाही कधी. मी उद्यापासून दिवे लावून शिकवीन, आधी छापील टिपणं देईन. पण मी तासिका तत्त्वावर आहे मॅडम. पुढच्या वर्षी इथे असेन की नाही, मलाच माहीत नाही. आणि बाकीच्या सरांचं मी कसं सांगू? शंभर मुलं, पोर्शन संपवायचा असतो." खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही बटाटेवडे घेऊन बसलो. मी तिच्याकडे वळून विचारलं, "खरं सांग. किती कळलं?"

"सुरुवातीचं. मग काही नाही."

"मग मान का हलवत होतीस?"

"सर किती मनापासून शिकवत होते," ती म्हणाली. हातातला वडा तिने परत कागदावर ठेवला. "आत्या, मी इथेच येणार."

मी तिला समजावलं. घरी बसून पुस्तकं वाचूनही पदवी घेता येते, आपण चौकशी करू. तिने शांतपणे ऐकलं, म्हणजे पाहिलं. मग म्हणाली, "शिकवायचं तर वर्गात बसायला हवं ना. घरी बसून मी वर्ग कुठे बघणार?" मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला नुसतं रडू येत होतं.

कोणी अशा मुलाला घेऊन कॉलेज बघायला निघणार असाल तर माझं एवढं ऐका. पाट्या आणि रॅम्प बघून परत फिरू नका. चालू वर्गात एक तास बसू द्या म्हणून हट्ट धरा. आणि तिथली माणसं बोलताना तुमच्याकडे बघतात की मुलाकडे, ते आधी बघा. मुंबईत जेवणखाण, राहणं, फिरणं सगळं जमतं, माणसं मदतही करतात. आमच्याशी तिथे कोणीही वाईट वागलं नाही, आणि तरी मी हरल्यासारखी परत आले.

घरी पोचलो तेव्हा दादरच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचं नक्की झालं होतं. भावाने पेढे आणले. सायलीने आईला फुलबाजार सांगितला, लालबागचा डंक सांगितला, सरांचं कौतुक केलं. अंधाराचं सांगितलं नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी स्वयंपाकघरात होती. मी ओट्याशी नारळ खवत होते. सायली आत आली तशी वहिनीने सवयीने गॅस बारीक केला, पदराला हात पुसले आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. सायलीने तिला खांद्याला धरून परत गॅसकडे वळवलं.

"अशीच बोल," ती म्हणाली. "तिकडे तोंड करून, भरभर. तिथे सगळे असेच बोलतात. मला सवय करायची आहे."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून खोबरं खवत राहिले. मग वहिनी भिंतीकडे तोंड करून, कधी नव्हे ते लेकीशी मालवणीत बोलली, "सगळा तुयाच शिकूचा काय गो माझे बाय? तेंका कायच शिकूक नको?"

सायली मागून तिच्या गालाची कड निरखत होती.

"कळलं नाही," ती म्हणाली. "परत बोल."