टीव्हीची इर्जिक

एकोणीसशे सत्तरच्या दशकाचा शेवट. आषाढातला शनिवार, आणि मी कार्ल्याच्या भातखाचरात पोटरीभर चिखलात उभी... हातात टीव्हीवरच्या नाटकाच्या सर्व्हेचा कागद.

कॉन्व्हेंटमधली मी, नुकतीच बी.ए. झालेली. टीव्हीचं वेड इतकं, की हे टेम्पररी काम मिळाल्यावर हवेतच होते. सरकारनं गावाला दिलेल्या टीव्हीवर, चावडीत, दर गुरुवारी संध्याकाळी नाटकाचा एक भाग लागायचा आणि रविवारी तोच रिपीट. गुरुवारी कोण बघतं, रविवारी कोण, ते मी मोजायचं... आता ज्याला लाइव्ह आणि कॅच-अप म्हणतात ना, तेच.

कार्ल्याचे आकडे वाईट होते. गुरुवारी वरच्या आळीची एखादी बाई, रविवारी शुकशुकाट. असंच असेल तर टीव्ही उचलून दुसऱ्या गावाला द्यायचा होता. आमचे सर्व्हेचे साहेब त्याचाच निकाल लावायला सोबत आले होते.

लावणी करणाऱ्या वरच्या आळीच्या ठमामावशींना मी विचारलं, "नाटक बघता का?"

"न्हाई बा."

मी 'नाही'वर खूण केली. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "मंग काल त्या सुनेच्या नावानं बोटं कोन मोडत हुतं, मावशे?"

"बघितलं न्हाई, पर ठावं हाय की. या येळंला पारूचा नंबर हुता."

मग उलगडा झाला. शेतात इर्जिक घालतात ना... आज सगळ्यांनी मिळून तुझं खाचर, उद्या माझं. तशीच या बायकांनी टीव्हीची घातली होती. दर गुरुवारी एकीनं चावडीत जायचं, तिच्या भाकऱ्या नि पोरं बाकीच्यांनी सांभाळायची. दुसऱ्या दिवशी लावणी करता करता तिनं सगळ्यांना नाटक सांगायचं. मग रविवारी कशाला कोण फिरकतंय?

म्हणजे माझ्या कागदावरची एक खूण ही अख्खी आळी होती... मला तर नाचावंसं वाटलं.

साहेब म्हणाले, "ऐकलं म्हणजे पाहिलं नव्हे. असा रकानाच नाही."

"मंग तुमीबी ऐका," ठमामावशी म्हणाल्या. "पारे, सांग सायबास्नी."

पारू वाकलेलीच होती. रोपं खोचत खोचत सांगू लागली... सासूचा दबका आवाज, सुनेचा हुंदका, दाराची कडीसुद्धा तोंडानं वाजवली. मावशींनी मध्येच टोकलं, "सासूचीबी काय बाजू हाय का न्हाई?" झालं, खाचरात वाद पेटला. मी तोच भाग घरी खुर्चीत बसून बघितला होता. हा जास्त रंगला.

साहेब छत्री धरून बांधावर उकिडवे बसले होते. सून ट्रंक घेऊन घराबाहेर पडली, आणि पारू थांबली.

"पुढे?" साहेबांनी विचारलं.

"फुडं गुरवारी," ठमामावशी म्हणाल्या, "टीवी ऱ्हायला तर."

परतीच्या एसटीत साहेबांनी माझ्याकडून पेन घेतलं, आणि हलत्या गाडीत, वाकडातिकडा का होईना, कागदावर एक नवा रकाना आखला... 'सांगून कळलेलं'.

टीव्ही कार्ल्यातच राहिला. पुढे मी याच कामात रमले. कुठलाही आकडा छोटा दिसला की त्याच्या मागे कोण कोण उभं असेल, ते आधी शोधत आले... ही नजर मला त्या आळीनं दिली.